जाड अक्षरांचा कागद

भोसरीच्या भंगारवाल्या चाचांकडे मी टेबलाचे लोखंडी पाय शोधायला गेले होते. कोपऱ्यातल्या पोत्यातून लाकडाचा एक ठोकळा डोकावत होता. उचलून बघितला, तर त्यावर उलटा 'क'. उंच, चिंचोळा आणि चांगला जाडजूड.

"बंद पडलेल्या छापखान्याचा माल हाय, ताई," चाचा म्हणाले. "जळणाला नेतात लोक."

तळवड्याच्या कंपनीत मी दिवसभर मोबाइलच्या पडद्यासाठी अक्षरं मांडते. सगळी गुळगुळीत, एकसारखी. टेबल विसरून पोतंच घेऊन घरी आले.

"ही लाकडं कशापायी आणलीस?" सासूबाईंनी विचारलं. त्या भोसरीतल्याच एका जुन्या घराण्यातल्या.

मी ठोकळ्याला शाई लावली, वर कागद ठेवला आणि वाटीच्या बुडानं घासला. कागद अलगद उचलला. काळाभोर 'क' उमटला होता. कडा झिजलेल्या, पोटात पांढरे ओरखडे.

सासूबाई जवळ आल्या. "जत्रंच्या कुस्त्यांचा कागद असाच असायचा, भिंतीवर डकवलेला. लांबनं दिसायचा." मग वाटी त्यांनीच घेतली.

दुपारपर्यंत घरभर अक्षरं वाळत पडली होती. फक्त 'ळ' कुठंच सापडेना. मी 'ल'च्या गोलाईवरून तो काढला आणि ओळखीच्या वर्कशॉपमधून लाकडात कापून आणला. छापला, तर बाकीच्यांत अगदीच नवा दिसत होता. सासूबाईंनी तो नेऊन पायरीच्या दगडावर घासला.

"आता बघ."

जमलं होतं. आनंदानं मी त्यांना मिठीच मारली. त्यांच्या पातळाला शाई लागली, तरी त्या हसत होत्या.

पुढं कित्येक रविवार खपून मी सगळी अक्षरं कॉम्प्युटरवर चढवली, फॉन्ट तयार केला. जत्रेच्या कुस्त्यांचा फ्लेक्स करायचा होता, म्हणून चुलत दीर आले.

"वहिनी, मस्त हाय, पण शाई कमी पडल्यासारखी वाटते. भरून द्या की."

"न्हाई," सासूबाई आतून म्हणाल्या. "तशीच ऱ्हाऊ दे."

फ्लेक्स लागला त्या सकाळी मी ऑफिसला निघाले होते. चौकाच्या पलीकडूनच अक्षरं दिसली. 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान'. एकमेकांना खेटून, छाती काढून उभी. मागून बसवाला हॉर्न देत होता. मी गाडी बाजूला घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.