बापूंचे परमार

बापूंना बसून बोलता येत नसे. दुबईत अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते खिडकीपासून फ्रिजपर्यंत येरझाऱ्या घालत आणि तेवढ्यात परमारांचं राज्य माळव्यातून खानदेशात आणून सोडत. माणूस धुळ्याकडचा, गिरासे राजपूत. नोकरी फुजैराच्या तेल टर्मिनलवर, बिऱ्हाड आमच्या शेजारी. शनिवारी घरी आले की आमच्याकडचा चहा ठरलेला. आता ते निवृत्त होऊन गावी गेलेत आणि शनिवार भलताच शांत जातो.

नवा मराठी माणूस भेटला की त्याला आधी कुळात ओढायचं, ही त्यांची खोड. "धारचे राजे आम्ही. सातपुडा उतरलो, तापीकाठ धरला. आणखी खाली सरकले ते पवार झाले, पण रक्त तेच!" मी देशपांडे. माझ्याकडे बघून ते हताश होत. "तुमचं काही करता येत नाही हो," म्हणत.

साताऱ्याचा निखिल पवार दुबई मरीनात नोकरीला लागला आणि आमच्याकडे आला, तेव्हा बापूंच्या आनंदाला भरतं आलं. "पवार म्हणजे परमारच!" मग लेकीला म्हणाले, "भावना, हा तुझा भाऊ." राखीला त्याला घरी बोलावलं. भावनानं सांगितलं, "सॉरी पप्पा, शिफ्ट आहे." पुढच्या वर्षीही शिफ्टच निघाली. बापू सोडून सगळ्या मजल्याला कारण ठाऊक होतं.

शेवटी भावनानंच तोंड उघडलं, लग्न करीन तर निखिलशीच. बापूंच्या समाजात एका कुळातली मुलं म्हणजे बहीणभाऊ, लग्नाचा विषयच काढायचा नाही. "ही इज नॉट माय ब्रदर, पप्पा. दॅट वॉज युवर आयडिया!" मग बापू मधल्या वारीही फुजैराहून येऊ लागले. चहा गार व्हायचा, येरझाऱ्या थांबायच्या नाहीत.

"आजोबांनी तोंडपाठ करून घेतलंय. ते मी मोडू कसं?"

"मुलगी मोडेल, त्याचं काय?" मी चिडून म्हणालो. ते पुन्हा खिडकीकडे वळले.

निखिलचे आईवडील साताऱ्याहून आले. बैठक आमच्याच घरी. मुलानं वडिलांना फोनवर सगळा इतिहास ऐकवला होता. वडिलांनी थेट विचारलं, "बापू, तुम्ही म्हणता आपण दोघंही परमार. मग एका कुळात सोयरीक कशी व्हायची? तुमचा अभ्यास आहे, तुम्हीच सांगा."

भावना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पार उतरला होता.

"अभ्यास कसला!" बापू म्हणाले. "सगळं ऐकीव. पवार, परमार, नावं जवळची वाटली म्हणून मीच दिलं जोडून. गप्पा मारायची सवय आहे मला, दुसरं काही नाही."

त्या इतिहासातला एक शब्द कुणाला बदलू न देणारा माणूस चारचौघांत स्वतःला थापाड्या ठरवत होता. पाहुणे मोकळेपणी हसले. लग्न ठरलं.

मी कप आणायला आत गेलो. बापूही आत आले होते. भावना हलक्या आवाजात विचारत होती, "पप्पा, ते सगळं खोटं होतं?"

"खरं होतं गं," बापू म्हणाले. "आता खलास. यल्ला, चल, सासऱ्यांना चहा दे."