दोन्या कासिमिराचा तीन पायांचा धर्मलेक

मोयेपाताच्या विद्यापीठात संगीत विभाग कुणी काढला म्हणून विचाराल, तर भिंतीवरच्या पाटीवर एका जुन्या रेक्टरचं, म्हणजे कुलगुरूचं, नाव कोरलेलं आहे. ते वाचावं आणि सोडून द्यावं. त्या गड्याला फुटबॉलच्या सामन्यात वाजवायला बँड पाहिजे होता, एवढीच त्याची संगीतसेवा. विभाग खरा उभा राहिला तो दोन्या कासिमिरा ओर्माचेआच्या भिंतीला टेकून. दोन्या म्हणजे आमच्याकडं 'बाई'. भिंतीच्या अल्याड पशुवैद्यक विभागाच्या गोठ्यातनं उरलेली खोली, ती आमची. पल्याड कासिमिराचा चिचाचा अड्डा. रांजणात मक्याची चिचा आंबून तयार झाली की ती दारावर काठीला पांढरं फडकं बांधायची. आमच्या खिडकीतनं ते फडकं दिसलं की तास संपला. वेगळी घंटा कुणी कधी मागितली नाही.

बाई अंगानं तिच्याच रांजणासारखी. दोन वेण्या, उंच पांढरी टोपी, आणि आवाज असा की आमचा ट्रंपेटचा वर्ग लाजून गप्प बसावा. मी तो वर्ग घेतो, म्हणून ठाऊक. तिचा नवरा मेलितोन आमच्या बँडात ट्यूबा वाजवायचा. वाजवायचा म्हणजे ते पितळी धूड अंगाभोवती गुंडाळून झोपायचा.

"अवो मायेस्त्रो," भिंतीवरनं कासिमिरा ओरडायची, "माजा दादला वाजवतोय का घोरतोय?"

"सुरात हाय, दोन्या!"

"मग घोरतोय. वाजवताना कधी सुरात नसतो त्यो."

आणि सूर म्हणाल तर तेव्हा आमच्याकडं पियानो नव्हता. शेजारच्या गोठ्यात फेलिपा नावाची गाय होती. ती सकाळी धार काढायच्या टायमाला बरोबर 'ला' या सुरात हंबरायची. सगळा बँड तिच्यावर वाद्यं लावून घ्यायचा. फेलिपा म्हातारी झाली तसा तिचा सूर उतरत गेला, आणि तिच्याबरोबर विभागही उतरला. बाहेरगावचा बँड आला तेव्हा कळलं की आपण सगळे खाली बसलोय. पण एकजुटीनं.

मग राजधानीतल्या कुणा श्रीमंत विधवेनं पियानो दान केला. मोठा, आडवा, तीन पायांचा. कांद्याच्या ट्रकात बसून आला आणि कैक दिवस कांद्याचाच वास मारत होता. आता आमच्याकडं नवी वस्तू आली की तिला धर्माचे आईबाप लागतात. ट्रक असो, घराचं छप्पर असो, नाहीतर फुटबॉल संघाचे सदरे. धर्माच्या आईनं वस्तूवर कागदी फिती टाकायच्या, फुलं टाकायची, पाचामामाला म्हणजे आपल्या धरित्रीला चिचा शिंपडायची, वस्तूवर शिंपडायची, आणि मग साऱ्या गावाला पाजायची. त्याशिवाय वस्तूला हात लावला तर ती उलटते. चिचा कुणाकडं? कासिमिराकडं. झाली ती पियानोची धर्माची आई. त्या दिवशी सान फेर्मिनचा सण होता, म्हणून पियानोचं नाव फेर्मिन.

तुतुमा, म्हणजे भोपळ्याची वाटी, काठोकाठ भरून ती उभी राहिली.

"पायांवर वत गं," मेलितोन म्हणाला.

"पाय गात्यात व्हय रं? गाणं पोटातनं येतंय. पोटातच पडाय पायजे."

आणि झाकण उघडून तिनं अख्खी तुतुमा फेर्मिनच्या पोटात रिकामी केली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणालाच काही वाटलं नाही, कारण तिनं केलं ते रीतीप्रमाणंच होतं. चिचा वाळली तेव्हा मधल्या सप्तकातला 'फा', 'सोल' आणि त्यांच्या मधली काळी पट्टी, या तिघी दाबल्या की खाली जायच्या आणि तिथंच राहायच्या. पियानोचे मास्तर कपाळाला हात लावून बसले.

"बापावर गेलंय," कासिमिरा कौतुकानं म्हणाली.

"बाप कोण?"

"मेलितोनच की. एकदा आडवा झाला की उठत न्हाई."

पण आईपण तिनं निभावलं. थंडीत फेर्मिनवर घरी विणलेली घोंगडी. फेर्मिनच्या सणाला शेंगदाण्याचं सूप, एक ताट पियानोपुढं, आणि वाजवणाऱ्यानं ते त्याच्या वतीनं खायचं. मेलितोन वारला तेव्हा ती आधी फेर्मिनला सांगायला आली. मग त्याच्या झाकणावर डोकं टेकून म्हणाली, "आता घरात तूच एकटा ढिम्म." पोरंबाळं तिला नव्हती.

आणि विभागानं तिघींशिवाय संसार थाटला. त्या पट्ट्यांवरनं बोटांनी उडी मारायची, हे पहिल्याच वर्षी शिकवायचो. चाली बांधायच्या त्या तिघींना वळसा घालून. विद्यापीठाचं गौरवगीत तसंच बांधलं. गावातली लग्नाची गाणी तशी, मयताची तशी. पुढं पुढं पोरं नुसती तोंडानं गातानाही तिथं उडी मारायला लागली.

अशात समुद्रापल्याड शिकून आलेले डॉक्टर रोलांदो उर्किदी आमचे प्रमुख झाले. माणूस वाईट नाही, फक्त इस्त्रीचा. त्यांनी फेर्मिनच्या पोटात डोकावून पाहिलं. आत वाळलेली चिचा, कागदी फिती आणि कासिमिराच्या कोंबडीचं एक अंडं.

त्यांनी खटपट करून नवा पियानो मागवला, आणि विभागाच्या वर्धापनदिनी त्याचं वादन ठरवलं. फेर्मिनचं काय? सरकारी वस्तू, खाजगी घरात देता येत नाही. मोडायची, आणि लाकडाच्या गव्हाणी करायच्या, शेजारच्या गोठ्याला.

कासिमिरा टोपी सारखी करून त्यांच्यापुढं उभी राहिली.

"डॉक्टर, माजं लेकरू हाय ते."

"बाई, ते लाकूड आहे."

"मग मला द्या की लाकूड."

"नियमात बसत नाही."

"गाईच्या तोंडाखाली बसतंय, आन् माज्या घरात बसत न्हाई?"

"भावना समजतो मी. पण नाही."

"आन् नव्याला धर्माची आई कोण?"

"त्याला आई नको. त्याला वर्षातून एकदा जाणकार माणूस बघून जाईल."

"बया! अनाथच की."

वर्धापनदिनाला भर दुपारी सभागृह गच्च भरलं. मागच्या अंगणात सुतार करवत घेऊन फेर्मिनपाशी थांबले होते. कासिमिरा शेवटच्या रांगेत, मांडीवर ती घोंगडी घेऊन. मी ट्रंपेट घेऊन मंचावर, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं.

डॉक्टरांनी गौरवगीतापासून सुरुवात केली. त्यांनी ते 'दुरुस्त' केलं होतं, म्हणजे गाळलेल्या तिन्ही सुरांना मोठ्या मानानं परत बोलावलं होतं. पहिले सूर आले आणि सगळं सभागृह छातीवर हात ठेवून उभं राहिलं. मग 'फा' आला.

पुढची रांग बसली. लोकांना वाटलं, हे आपलं गीत नव्हे. मग दुसरी बसली. 'सोल' आला तसे रेक्टरसाहेबही बसले.

डॉक्टरांनी वळून पाहिलं, घाम पुसला, पुन्हा सुरुवात केली. सगळे पुन्हा उभे. 'फा' आला, सगळे पुन्हा खाली. एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "कुणाचा तरी पाय मांजरावर पडतोय बघ."

"डॉक्टर, चुकताय!" मागनं कासिमिराचा आवाज आला. "थितं उडी असती!"

"इथं सूर आहे, बाई!"

"आमच्यात न्हाई!"

तिसऱ्यांदा लोक अर्धे उभे, अर्धे बसलेले, आणि गुडघ्यांवर हात ठेवून कण्हायला लागले तेव्हा रेक्टरसाहेब मंचाजवळ आले.

"डॉक्टर, गावाला व्यायाम पुरे झाला. फेर्मिनला आणा."

बँड पळाला, सगळ्यांच्या पुढं कासिमिरा. अंगणात सुतारांनी एक पाय कापला होता, दुसऱ्याला करवत लावली होती. कासिमिरा करवतीवरच बसली. "आदी मला कापा," म्हणाली, आणि त्या अंगाला करवत पुरणार नव्हती हे सुतारांनाही दिसत होतं. फेर्मिनला उचलून आणला. कापल्या पायाच्या जागी तिच्या अड्ड्यातला एक रांजण उपडा घातला. आमची पियानोची विद्यार्थिनी येसेनिया वाजवायला बसली, गौरवगीत वाजवलं, योग्य जागी योग्य उड्या मारल्या, आणि लोक असे गायले की शेजारच्या गाई बिथरल्या. शेवटी रेक्टरसाहेबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, फेर्मिनला कुणी बोट लावायचं नाही, वाजवायला सोडून. सुतारांनी करवत गुंडाळली आणि चिचा प्यायला बसले.

कार्यक्रम उठला तेव्हा डॉक्टर नव्या पियानोपाशी एकटेच. कासिमिरा त्यांच्यापाशी गेली.

"जेवला का?"

"नाही. दोन्या, ह्याचं काय करू मी? पोरं म्हणतात, ह्याला आई नाही, हात लावणार नाही."

"म्या एकाची आई हाय, बास झालं. ह्याला आणला कुणी? तुमी. मग बाप कोण?"

डॉक्टरांनी नव्या पियानोचं झाकण उघडलं. मग त्यांनी कोट काढला.

पुढचं सगळं रीतीप्रमाणं. डॉक्टरांच्या गळ्यात कागदी फिती, डोक्यावर फुलांच्या पाकळ्या, हातात तुतुमा, आणि पोटात आधीच दोन तुतुमा. नाव ठेवलं प्रुदेन्सियो, शहाणा निघावा म्हणून.

"वतू कुठं?" त्यांनी विचारलं.

"म्या पोटात वतली. तुमचं तुमी बगा, बाप हायसा."

त्यांनी पायांवर नेम धरला. झाकण उघडं होतं, नेम चुकला, आणि सगळी धार पोटात गेली. फेर्मिनपेक्षा जरा उजवीकडं.

म्हणून आमच्या विभागात आता दोन घराणी आहेत. फेर्मिनवाले 'फा'वरनं उडी मारतात, प्रुदेन्सियोवाले 'ला'वरनं, आणि दोघं एका गाण्यात बसले की गाणं निम्मं होतं. डॉक्टर सणाला सूप घेऊन येतात, प्रुदेन्सियोपुढं ताट ठेवतात, आणि कासिमिराला 'कोमाद्रे', म्हणजे लेकरांमुळं जोडलेली बहीण, म्हणतात. ती घोंगडी नीट करते, कापल्या पायाच्या रांजणाला हात लावून बघते आणि म्हणते, "माजा ल्योक तीन सूर खाऊन बसलाय, तुमचा चार. थोरल्याला भूक कमीच."