तिसऱ्या हाकेला ओ

विमान चालवायला शिकताना मला सगळ्यात जास्त वैताग कशाचा आला असेल, तर बोलण्याचा. उडवणं, उतरवणं, वाऱ्याचा अंदाज घेणं हे हळूहळू जमत गेलं. वायरलेसवर मात्र माझी दातखीळ बसायची. आता हे सगळं सांगायचाही कंटाळा येतो, पण नातवंडं पाठ सोडत नाहीत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

लढाईचे दिवस होते. भोरला मॅट्रिक झालो, पुण्यात कॉलेजात थोडा रखडलो आणि तिथून हवाई दलात भरती झालो. उत्तरेकडच्या एका तळावर, पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये वायरलेसचे धडे चालत. आम्ही विद्यार्थी कानाला हेडफोन लावून एका खोलीत, शिकवणारा गोरा सार्जंट पलीकडच्या खोलीत. धडे तसे साधेच. आधी ऐका, दुसरं कुणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नका. बटण दाबलं की क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी, आपलं मागून. निरोप मिळाला की तो जसाच्या तसा म्हणून दाखवा. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणा आणि बटण सोडा, धरून बसलात तर बाकीच्या सगळ्यांची तोंडं बंद. आणि हाक आली की लगेच ओ द्या. वर गेलेला माणूस गप्प राहिला की खालचे तो पडला असं धरून चालतात, असं सार्जंट रोज बजावायचा.

हे शेवटचंच मला जमेना. पहिली हाक आली की मी गप्प. दुसरी आली तरी गप्प. तिसरीला मात्र खाडकन उत्तर, तेही बिनचूक. सार्जंटनं आधी हेडफोन बदलून पाहिले, मग डॉक्टरकडून माझे कान तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले, तेव्हा तो भडकला. मी तरी त्याला काय सांगणार, कपाळ?

आमची वाडी हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडं. तिथं रानातून कुणी नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते मारत नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांचा थोरला भाऊ गुरं घेऊन रानात गेला होता. पहिल्याच हाकेला ओ देऊन तो आत शिरला आणि परत आलाच नाही, असं आमच्या घरात सांगत. मी शिकलेला, भुताखेतांना हसणारा. पण माझी जीभ काही माझ्याबरोबर कॉलेजात आली नव्हती.

रजेवर निघताना वरच्या साहेबानं बोलावून घेतलं. परत आलास की हवेत वायरलेसची परीक्षा. नापास झालास तर उडणं बंद, कोठारात बूट वाटत बसायचं. मला उडण्यावाचून दुसरं काहीही नको होतं.

भोरपर्यंत मोटार, पुढं पायपीट. घरी पोचल्यावर मी आबांना बांधावर गाठलं. म्हटलं, “तुमी पल्याडच्या डोंगराच्या सोंडेवरनं मला हाका मारा. मी पयल्याच हाकंला ओ देतो. सवय मोडाय पायजे.”

आबांनी खुरपं खाली ठेवलं. “खुळा का काय तू? त्यापरीस घरी बस. भात हाय, नाचणी हाय.”

“मला न्हाई बसायचं घरी.”

त्यानंतर आमचं बोलणंच तुटलं. आई मधल्या मध्ये दोघांना भाकऱ्या वाढत राहिली. त्या रजेचा मला अजून राग येतो, सगळी फुकट गेली.

निघायच्या दिवशी आबा ओढ्यापर्यंत पोचवायला आले. चालता चालता म्हणाले, “तितं तुला नावानंच हाक मारत्यात व्हय?”

“न्हाई. इमानाला येक ठरवल्यालं नाव असतंया. त्याच नावानं मलाबी हाक मारत्यात.” माझ्या वाट्याला कसल्याशा इंग्रजी फुलाचं नाव आलं होतं. मी ते सांगितलं. आबांना ते म्हणताही येईना.

ओढा आला तसे ते थांबले. “मग ते काय तुजं नाव न्हवं. त्येला दे खुशाल ओ. तुला हुडकणाऱ्याला ते कुठं ठावं हाय?”

परीक्षेत पहिल्या हाकेला मी ओ दिली. सार्जंटला खरं वाटेना. मी पास झालो.

पुढं ब्रह्मदेशाच्या बाजूला गेलो. हाकेची नावं बदलत गेली आणि मी प्रत्येकाला ओ देत गेलो. काही जण देत नसत. त्यांना खालून हाका चालूच राहायच्या, तिसरीनंतरही, कितीतरी वेळ, आणि आम्ही सगळे ते ऐकत उडायचो. त्यानं मी फार थकलो. लढाई संपून घरी आलो तेव्हा जेवणं आणि पडून राहणं यापलीकडं माझ्यात काही उरलं नव्हतं.

घरी येऊन काही दिवस झाले असतील. दुपारची वेळ. मी अंगणात पडलो होतो आणि आबा वरच्या रानात गुरांमागं होते. तिथून त्यांनी मला नावानं हाक मारली. हाक पुरती संपायच्या आत माझी ओ गेली, आणि मी उठून तरातरा चढून त्यांच्यापुढं जाऊन उभासुद्धा राहिलो.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. आता शिव्या बसणार असं मला वाटलं. पण हातभर अंतरावर उभे राहून, माझ्या तोंडाकडं बघत त्यांनी पुन्हा मला नावानं हाक मारली, दरीपल्याडच्या माणसाला मारावी तशी मोठ्यानं. मी गप्प राहिलो. त्यांनी आणखी एकदा मारली. तेव्हा मी ओ दिली.

“आलास बाबा,” ते म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.