कडी लावून आंघोळ

दत्ताअण्णा शर्टाच्या खिशात पिवळं कार्ड ठेवत. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर पिवळा कागद चिकटवून घरीच केलेलं. शिवाजी पेठेतल्या फुटबॉलचे ते जुने पंच. गुडघे बोलायला लागल्यावर मैदान सुटलं, पण पंचगिरी काही सुटली नाही. कोथिंबिरीची जुडी आतून सडकी निघाली की भाजीवालीला कार्ड. गल्लीत उलट्या बाजूने घुसणाऱ्या मोटारसायकलीला कार्ड. मी हुपरीहून बिऱ्हाड घेऊन त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा सामानाचा टेम्पो अजून नीट थांबलाही नव्हता, तोच एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस पिवळं कार्ड वर धरून समोर उभा राहिला.

"पावणं, गाडी ऑफसाइडला लागलीया."

टेम्पोवाल्याने निमूटपणे गाडी हातभर मागे घेतली. कार्ड खिशात गेलं, बाह्या वर सरकल्या, आणि त्याच माणसाने माझं कपाट एका बाजूने धरून थेट माजघरात नेऊन ठेवलं. कुठे ठेवायचं हे मला विचारलं नाही. "हितंच शोभतंय. निर्णय झाला," म्हणाले. ते कपाट आजही तिथेच आहे आणि त्याचं एक दार आजही पूर्ण उघडत नाही.

"निर्णय झाला" हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यानंतर वाद नसे. वाद घालणारं माणूस जगात एकच होतं, ते त्यांच्याच घरात. मालनकाकू सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी चालण्यात वॉर्डाची चपळाई होती. अण्णांनी कार्ड काढलं की त्या नुसतं म्हणत, "ठेवा ते खाली. शर्ट धुवायला टाकायचाय."

तर या मालनकाकू एका सकाळी बाथरूममध्ये घसरून पडल्या.

मुलाने पुण्याहून येऊन हौसेने शॉवर बसवून दिला होता आणि त्याच्याखाली पांढरी, आरशासारखी फरशी घातली होती. तिच्यावर साबणाचं पाणी पडलं की ती फरशी राहत नसे, घसरगुंडी होई. काकूंचं उजवं मनगट मोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "माझं माहेर गगनबावडा. दगडादगडावर शेवाळ. डोक्यावर घागर घिऊन चढले-उतरले, कधी पाय सरकला न्हाय. आन् ह्यांच्या चकचकीत घरात पडले."

अण्णांनी त्याच दिवशी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाकली. नियम जाहीर झाला. दार नुसतं लोटायचं. अण्णा बाहेर उभे राहणार. ते हाक मारणार, आतून उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर दार उघडणार. रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात तो संवाद ऐकू यायचा.

"मालन, हाईस न्हवं?"

"हाय."

घोटभर चहा होईतो परत, "मालन?"

"अवो हाय की. कुठं जाईन? शॉवरच्या भोकातनं?"

प्लास्टर निघालं, हात बरा होत आला, तरी कडी काही परत बसेना. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना काकूंनी कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विषय काढला. त्या हळू बोलल्या की अण्णासुद्धा सावध होत.

"कडी बसवा."

"फरशी घसरती, मालन."

"मग फरशीचं बघा. आयुष्यभर मी दुसऱ्यांना आंघोळी घातल्या. दाराबाहेर कुणी उभं असलं की आतल्या माणसाचा जीव कसा आक्रसतो, ते बघितलंय मी. मला कडी लावून आंघोळ करायची हाय. दुसरं काय मागत न्हाय."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "निर्णय झाला."

गवंडी बोलवून फरशी फोडणं हा साधा मार्ग होता. साधे मार्ग अण्णांना कमीपणाचे वाटत. हार्डवेअरच्या दुकानात त्यांना कळलं, की आता इपॉक्सी नावाची चीज मिळते. दोन डबे असतात. दोन्हीतलं एकत्र कालवायचं आणि आहे त्या फरशीवर पसरायचं, की दगडासारखा थर बसतो. दुकानदाराने सगळं नीट समजावलं. फरशी पॉलिश पेपरने घासा, साबणाचा अंश ठेवू नका, पूर्ण वाळू द्या, कालवलं की लगेच पसरा, आणि थर ओला असतानाच वर धुतलेली बारीक वाळू भुरभुरा, म्हणजे पायाला पकड येईल. अण्णांनी सगळं लक्षात ठेवलं. फक्त वाळूचं वाक्य येईपर्यंत शेजारच्या गिऱ्हाइकाने रविवारच्या मॅचचा विषय काढला होता, त्यामुळे ते ऐकायचं राहून गेलं.

काम संपेपर्यंत दोघांची आंघोळ आमच्याकडे ठरली. अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून यायचे आणि आमच्या गिझरला उशीर झाला म्हणून मला कार्ड दाखवायचे. काकू यायच्या तेव्हा माझी बायको दाराबाहेर उभी राहायची. तशी अण्णांची ताकीद होती. आमच्या दाराला कडी होती. काकू तिच्याकडे एकदा बघायच्या आणि दार नुसतं लोटून घ्यायच्या.

पहिल्या दिवशी अण्णांनी फरशी घासून लख्ख केली, बादलीत दोन्ही डबे ओतले आणि लाकडी दांडक्याने ढवळायला घेतलं. तेवढ्यात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातले दोघेजण दारात आले. फायनलला पेनल्टी द्यायला हवी होती की नको, यावर पेठेत दोन तट पडले होते आणि निवाडा अण्णांनी करायचा होता. आता आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला "नंतर या" म्हणण्याची पद्धत नाही, आणि पेनल्टीच्या प्रश्नाला तर मुळीच नाही. अण्णांनी दांडकं बादलीत तसंच ठेवलं. बशा मांडून खेळाडू उभे केले, साखरेचा डबा गोलपोस्ट झाला. निवाडा देऊन परत आले, तर बादली चटका बसण्याइतकी तापली होती आणि दांडकं आत झेंड्यासारखं ताठ उभं होतं. हलवलं तर अख्खी बादली हलायची.

"हे एवढ्या घाईनं घट्ट हुतंय, हे त्यानं सांगितलं न्हाय," अण्णा म्हणाले.

"सांगितलं आसंल," काकू म्हणाल्या. "तुमी ऐकलं का, ते ईचारा."

दुसऱ्या खेपेला त्यांनी पुढचं दार लावून घेतलं आणि थर खरोखर सुरेख पसरला. इतका सुरेख की त्यात छतावरचा दिवा दिसायला लागला. तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं, की ही फरशी पहिलीपेक्षा जास्त गुळगुळीत होणार. वर काहीतरी टाकायला हवं होतं. आणि इथे अण्णांच्या डोक्यात जे आलं, ते पेठेबाहेरच्या माणसाच्या डोक्यात येणं शक्य नाही. पैलवान घामाने निथळत असतो, तरी आखाड्यात त्याचा पाय सरकत नाही. मग पकड कशात आहे? मातीत.

ते तडक तालमीत गेले आणि पिशवीभर तांबडी माती घेऊन आले. उंबऱ्यापाशी चप्पल काढून, मातीला नमस्कार करून, मगच त्यांनी ती ओल्या थरावर पसरली. चार दिवस कुणाला आत पाऊल टाकू दिलं नाही.

आखाड्याची माती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेल घालतात, ताक घालतात, हळद, लिंबू घालतात. पैलवानाच्या अंगाला ती उत्तम. इपॉक्सीत तेलकट माती मुरल्यावर काय होतं, ते आम्ही पाचव्या दिवशी पाहिलं. शॉवर सुरू होताच तांबड्या पाण्याचा लोट आला. काकू बाहेर आल्या त्या घोट्यापर्यंत रंगलेल्या. बाथरूमपासून थेट आमच्या बाथरूमपर्यंत लाल पावलं उमटली, लक्ष्मी यावी तशी. वास ताकाचा.

"पकड हाय का पण?" अण्णांनी विचारलं.

काकूंनी आपल्या लाल घोट्यांकडे बोट दाखवलं. "मला आंघोळ करायची हाय," त्या म्हणाल्या. "कुस्ती न्हवं."

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे टेकून तो तांबडा थर पटाशीने खरवडत बसले. पंच म्हणून दिलेला निर्णय त्यांनी उभ्या आयुष्यात फिरवला नव्हता. मी मदतीला गेलो तर मान वर न करता म्हणाले, "हिच्यावर पहारा करायचा न्हवता मला, पक्या. ती पडल्याचा आवाज मी ऐकलाय. बाहेरनं ऐकला." आणि पुन्हा खरवडायला लागले.

तिसऱ्या खेपेला काकूंनी सूत्रं हातात घेतली. दुकानदाराला फोन करून सगळं परत विचारून घेतलं. बारीक वाळू आणवली, डाव्या हाताने चाळली, धुतली, गच्चीवर खडखडीत वाळवली. कालवायच्या वेळी स्वतः पुढच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. तालमीतलं मंडळ आलं, त्यांना म्हणाल्या, "अण्णा ऑपरेशनमध्ये हाईत." थर पसरून झाल्यावर अण्णा वाळू टाकायला वाकले, तर त्यांना बाजूला सारलं आणि वाफ्यात बी फेकावं तशी मुठीमुठीने, एकसारखी वाळू त्यांनीच शिंपली.

थर वाळून टणक झाला. अण्णा त्यावर पाणी ओतून, साबण लावून, अनवाणी स्वतः तीनतीनदा चालून आले. मग स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कडी परत बसवली. जरा तिरकी बसली.

सकाळी काकू आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज झाला. पाणी सुरू झालं.

"मालन, हाईस न्हवं?"

उत्तर नाही.

"मालन?"

नुसतं पाणी. अण्णांनी दारावर थाप मारली. मग बुक्की. मग माझ्या नावाने अशी हाक मारली की मी दाढीचा साबण तसाच घेऊन धावलो. "दार फोडू या, पक्या. धर तिकडनं." आम्ही दोघांनी खांदे लावले, आणि तेवढ्यात कडी सरकली. काकू बाहेर आल्या. केस ओले, चेहरा एखाद्या मुलीसारखा टवटवीत.

"अगं, बोलली का न्हाईस?" अण्णांचा आवाज फाटला होता.

"लई दिवसांनी गप्प बसाय मिळालं," काकू म्हणाल्या आणि केस झाडत गच्चीकडे गेल्या.

त्या दिवसानंतर अण्णांनी एकदाही हाक मारली नाही. सगळ्या पेठेला शिट्टीवर थांबवणारा माणूस रोज सकाळी तोंड मिटून दाराबाहेर उभा राहायचा. कडीचा आवाज झाला की चवड्यांवर पळत खुर्ची गाठायचा आणि वर्तमानपत्रात डोकं घालायचा. आपण तिथे नव्हतोच, असा सगळा आव. मी एकदा काकूंना हे हसत हसत सांगितलं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "दाराच्या खालच्या फटीत त्यांच्या पायांची सावली दिसती. सरकतबी न्हाय. मी काय बोलत न्हाय. राहू दे हुबं."

अण्णा गेले त्याला आता वर्ष होत आलं. मुलगा पुण्याला चला म्हणतो, काकू जात नाहीत. फरशी अजून घट्ट आहे, त्या अजून कडी लावूनच आंघोळ करतात. परवा माझी बायको त्यांना म्हणाली, की एकट्या असता, निदान आता कडी नका लावू.

"लावतीया ते बरं," काकू म्हणाल्या. मग पदराने हात पुसले. "फटीतनं आता नुसता उजीड येतोय बघ."