पुसल्यावरही आबा नाचत होते
आमचे आबा आयुष्यात एकदाच नाचले. दादाच्या वरातीत, बारामतीत, भर चौकात! हलगी कडाडली, फेटा सुटला, आणि लासुर्ण्याच्या शाळेत पोरांना हाताची घडी घालून बसवणारे हे हेडमास्तर गिरक्या घेत सुटले. मी सगळं फोनवर टिपलं. फोन भरला म्हणून फिल्म माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपवर टाकली आणि फोनवरची उडवली. म्हणजे जगात तेवढीच एक प्रत.

रविवारी दुपारी लॅपटॉप टीव्हीला जोडून ती लावली. आई लाडू वळत बघत होती. तेवढ्यात आबा पारावरून तणतणत आले. कुणीतरी विचारलं होतं, "काय मास्तर, परत कधी नाचताय?"

"पूस ते! माझ्यादेखत पूस!"

"अवो, राहू द्या की," आई म्हणाली. "लेकाच्या लग्नात न्हाय नाचायचं, तर कवा?"

"पूस म्हणतो न्हवं!"

मीही त्यांचीच लेक, माझंही डोकं सटकलं. लोणी देवकरच्या कारखान्यात दिवसभर लिनक्सवर चालणारे कॉम्प्युटर सांभाळते मी, पुसायला कितीसा वेळ लागणार! आरएम हा पुसायचा हुकूम, फाइलचं नाव, एंटर. "घ्या, गेली!"

फोल्डर रिकामा. आणि टीव्हीवर आबा आपले नाचतायतच!

"पुसलं म्हणतीस, मग ह्यो कोण? माझा बाप?"

मला हसू आवरेना. "आबा, पुसलं म्हणजे फोल्डरमधलं नाव काढलं. मतदारयादीतनं नाव उडालं तरी माणूस घरात जेवतोच की! फिल्म चालू हाय तवर लिनक्स तिला हात लावत न्हाय. बंद केली, की मग कायमची गेली."

"मग कर बंद!"

आईचा हात लाडवातच थांबला. तिचं तोंड बघून मी लॅपटॉपवरचा हात मागं घेतला. रागाच्या भरात काय करून बसले मी!

तेवढ्यात फिल्ममध्ये कॅमेरा वळला. गर्दीच्या कडेला आई, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती.

"थांब," आबा म्हणाले. "ही हसतीया व्हय? मागं घे."

तीनदा मागं घेतलं. चौथ्यांदा ते खुर्ची ओढून बसले. "मला ठावंच न्हवतं. माझी पाठ हुती तिकडं." मग हळूच, "वाचंल का गं अजून?"

"वाचंल की!" चालू प्रोग्रॅमनं धरून ठेवलेल्या फाइलला आतमध्ये एक नंबर असतो. तो शोधायचा आणि त्यावरून कॉपी करायची. नंबर सापडला. "आबा, आता नवं नाव द्यायला लागंल. काय देऊ?"

आमच्याकडं नवरा बायकोला 'अगं ए' म्हणतो. तिचं नाव आबांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आबांनी घसा खाकरला आणि आईचं नाव घेतलं. मोठ्यानं, अख्खं.

आईनं हातातला लाडू ताटात ठेवला, पदर सारखा केला.

"अजून एकदा घ्या की," ती म्हणाली.