इंदिराबाईंचा उतारा

धुळ्याच्या रेकॉर्ड रूममधले नथ्थूभाऊ जुन्या जन्मनोंदी शोधून देत. पण साहेब ओरडले तरी नोंद मोठ्यानं वाचत नसत. एकेक ओळ म्हणजे कुणाच्या तरी घरातली गोष्ट, असं त्यांचं म्हणणं.

एकदा नातवाच्या दाखल्यासाठी आपापल्या जन्मनोंदी काढायला इंदिराबाई आणि त्यांचे यजमान आबा आले. नथ्थूभाऊंनी रुमालात बांधलेल्या वह्या सोडल्या. इंदिराबाई नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठ्या निघाल्या! लग्नात वडिलांनी वय चोरलेलं, बाईंनी ते पन्नास वर्षं पोटात ठेवलेलं.

उतारा पिशवीच्या तळाशी घालत त्या पुटपुटल्या, "भाऊ, त्यास्ले सांगू नका."

दोघं गेले. जरा वेळानं विसरलेली काठी घ्यायला आबा एकटेच परतले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, तिले काही बोलू नका. माले हळदना दिवसपासून ठाऊक शे."