एकास बारा

त्यांना सगळे वहिनीच म्हणत. गवंडी, कंत्राटदार, नगरपालिकेतले कारकून, खालचा शिंपी, सगळ्यांच्या त्या वहिनी. नवरा आर्किटेक्ट, म्हणून तो साहेब. जिना चढून वर गेलं की दोन खोल्यांचं ऑफिस आणि मधलं दार उघडलं की घर. कंत्राटदार गमतीने म्हणायचे, "साहेबांची सही आणि वहिनींचा होकार, दोन्ही मिळाल्याशिवाय इथे वीट हलत नाही."

वहिनी या ऑफिसात आल्या त्या नकाशे काढायच्या नोकरीवर. शिक्षण बेताचं, पण हात असा की पेन्सिलीची रेघ सुरू झाली की संपेपर्यंत जाडी बदलत नसे. साहेबांनी आधी रेघ पाहिली आणि मग माणूस, असं ते स्वतःच सांगत. लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन परदेशी गेली. "तूही परीक्षा दे, परवाना काढ," असं साहेब सुरुवातीला म्हणायचे. वहिनी म्हणायच्या, "एका घरात दोन शिक्के कशाला?" ते तिथेच राहिलं. वहिनींनी काढायचं, साहेबांनी तपासून सही करायची. कायदाही तेच सांगत होता. काढणारा कोणीही असो, सही परवानाधारकाचीच हवी. उद्या इमारतीत काही झालं, तर मान कोणाची धरायची हे ठाऊक असावं म्हणून.

मग साहेबांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही विरत गेलं. डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी नुसता उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं.

खरं तर तेव्हाच परवाना परत करायला हवा होता. दोघांनाही ते कळत होतं, आणि दोघांनीही ते तोंडातून काढलं नाही. बाहेर कोणाला सांगितलं नाही. साहेब काळा चष्मा लावायला लागले, साइटवर जाणं बंद केलं. पाठदुखीचं निमित्त होतंच. आणि घरात त्यांनी एक पद्धत बसवली. वहिनी नकाशा पसरून मोठ्याने वाचायच्या. कोणती भिंत किती लांब, दार कुठे, खिडकी कुठे, पायरी किती उंच. साहेब डोळे मिटून ऐकायचे आणि मनातल्या मनात त्या इमारतीत शिरायचे. मध्येच हात वर करायचे. "थांब. न्हाणीघराचं दार आत उघडतंय ना? मग आतल्या माणसाला चक्कर आली तर तो दारामागेच पडेल. दार बाहेर उघड." वहिनी थक्क व्हायच्या. डोळे असताना या माणसाला इतक्या चुका सापडत नव्हत्या. सगळं वाचून झालं की त्या साहेबांचं बोट धरून कागदाच्या कोपऱ्यावर ठेवायच्या, आणि साहेब सही करायचे. सही मात्र शेवटपर्यंत झोकदार राहिली.

ही पद्धत चालली, कारण वहिनी नीट वाचत होत्या.

त्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्याचं काम आलं. जागा चिंचोळी, रस्ता सखल, म्हणून जोतं अडीच फूट उंच. दवाखाना म्हटला की चाकाच्या खुर्चीसाठी उतार हवाच, आणि नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे तीस फूट लांब उतार. डॉक्टरांना पुढे गाडी उभी करायची होती आणि औषधांचं दुकानही काढायचं होतं. उताराला उरत होते अठरा फूट.

"वहिनी, बसवा की काहीतरी," डॉक्टर म्हणाले. "जरा चढ लागेल, इतकंच ना? आमची माणसं आहेत खुर्ची ढकलायला."

वहिनींना माहीत होतं, साहेबांना हे सांगितलं तर ते सरळ नाही म्हणणार. डॉक्टरांशी वाजणार, काम जाणार. हल्ली साहेब आधीच गप्प गप्प असायचे, त्यात अजून एक भांडण कशाला? त्यांनी अठरा फुटांचा उतार काढला, शेजारी आकडा लिहिला 'एकास बारा', आणि लांबी लिहिलीच नाही. दुपारी नकाशा वाचताना उतारापाशी आल्या, तेव्हा साहेबांनी विचारलं, "चढ किती ठेवलास?"

"एकास बारा," वहिनी म्हणाल्या.

"शाब्बास," साहेब म्हणाले. वहिनींनी त्यांचं बोट धरलं, कोपऱ्यावर ठेवलं, आणि सही झाली. नगरपालिकेत आकडा पाहिला, खाली साहेबांची सही पाहिली, आणि नकाशा पास झाला. त्या सहीवर तिथे कोणी पट्टी लावत नसे.

दवाखाना सुरू झाला, आणि काही महिन्यांनी एक निवृत्त शिक्षिका तिथे तपासून घ्यायला आल्या. चाकाच्या खुर्चीत त्या, मागून ढकलणारी त्यांची लेक. डॉक्टरांची माणसं जेवायला गेलेली. उतार निम्मा चढून झाला आणि खुर्ची मागे येऊ लागली. लेकीने जिवाच्या आकांताने धरली, पण खुर्ची तिलाच मागे रेटत रस्त्यापर्यंत आली आणि उलटली. शिक्षिकाबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या भाच्याने उतार पाहून, घरात कोणाला न सांगता, आर्किटेक्टांच्या परिषदेकडे तक्रार केली. परवाने देणारी आणि काढून घेणारीही तीच.

बोलावणं आलं तेव्हा वहिनींनी ते साहेबांना वाचून दाखवलं. साहेब शांतपणे म्हणाले, "त्या बाईंचं वाईट झालं. पण आपला उतार एकास बारा आहे. बांधणाऱ्याने घोळ केला असेल. तू घाबरू नकोस."

बोलायची वेळ तीच होती. वहिनींनी तोंड उघडलंही, आणि म्हणाल्या, "चहा टाकू का?"

पुढे सुनावणीपर्यंत त्या रोज ठरवत, आज सांगायचं. सकाळचं दुपारवर जाई, दुपारचं संध्याकाळवर. साहेब मात्र आपली बाजू पाठ करत होते. नियम, कलमं, नकाशातला आकडा. ते जितके निर्धास्त होत, तितक्या वहिनी आतून खचत होत्या. तरी मूग गिळून बसल्या. सुनावणीच्या दिवशी साहेबांना इस्त्रीचा सदरा त्यांनीच घातला, आणि धडधडीत खोट्यावर उभं राहायला हाताला धरून त्यांनीच नेलं.

परिषदेची खोली लहान होती. लांब टेबलामागे तिघं जण, मध्ये अध्यक्षबाई. साहेब उभे राहून फार छान बोलले. त्यांचं बोलणं संपलं, तसा अध्यक्षबाईंनी एक फोटो पुढे केला. "साहेब, हा उतार बघा आणि सांगा, हा एकास बारा वाटतो का?"

वहिनी मागच्या खुर्चीवर होत्या. साहेबांनी चाचपत फोटो हातात घेतला, चष्म्यासमोर धरला, आणि मान डोलावली. "हो. सौम्य चढ दिसतोय. माझ्या नकाशाप्रमाणेच आहे."

मग टेबलाच्या टोकाला बसलेला सभासद अगदी हळू आवाजात म्हणाला, "साहेब, फोटो उलटा धरलाय तुम्ही."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी फोटो फिरवला, मग पुन्हा फिरवला. कोणती बाजू वर, हे त्यांना कळणार कसं? ते दोन हात तो कागद असा फिरवताना पाहून वहिनींना बसवेना. शेवटी त्या उठल्या.

"त्यांना दिसत नाही," त्या म्हणाल्या. "नकाशे मी वाचून दाखवते. हा मी खोटा वाचला. उतार एकास सात आहे. त्यांना माहीत नव्हतं."

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "परवाना आहे?"

"नाही. मी त्यांची बायको."

अध्यक्षबाईंनी लेखणी खाली ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, कधी वहिनींकडे, कधी साहेबांकडे. मग म्हणाल्या, "साहेब, यांनी खोटं वाचलं ही एक गोष्ट. पण जे दिसत नाही त्यावर तुम्ही सही केलीत. तीही एकदा नाही."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. परवाना रद्द झाला, आणि उतार दुसऱ्या आर्किटेक्टकडून नव्याने बांधून घ्यावा असा आदेश निघाला.

बाहेरच्या पायऱ्यांवर वहिनींनी नेहमीसारखा कोपर पुढे केला. साहेबांनी तो धरला नाही. कठडा चाचपत एकेक पायरी उतरले. खाली आल्यावर म्हणाले, "डोळे गेले होते माझे. आंधळं तू केलंस."



घरात दोघंही एकमेकांशी बोलेनाशी झाली. वहिनींना वाटायचं, भर रस्त्यात कोणी चार शब्द सुनवावेत, म्हणजे सुटू. शेवटी त्या स्वतःच शिक्षिकाबाईंच्या घरी गेल्या. लेकीने दार उघडलं. वहिनींनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच आपण कोण आणि काय केलं ते सांगितलं. लेक ऐकत राहिली. चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो येईना. मग तिने विचारलं, "म्हणजे माझा हात सुटला नाही?"

"काय?"

"सगळे म्हणतात, तू नीट धरलं नाहीस. भाऊ बोलत नाही माझ्याशी. आईसुद्धा म्हणाली, तुझं लक्ष कुठे होतं?" तिने दोन्ही तळवे पुढे धरले. "मलाही तसंच वाटत होतं. रोज हात बघते मी माझे."

"तो उतार कोणालाच धरता आला नसता," वहिनी म्हणाल्या. "तुमची काही चूक नाही, बाई."

आणि मग तो राग आला. "हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

वहिनींनी होकारार्थी मान हलवली. दार त्यांच्या तोंडावर बंद झालं. आतून लेकीचा आवाज ऐकू आला, "आई, ऐकलंस? माझा हात सुटला नव्हता." वहिनी कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या. हाड मोडल्याचा दोष आपल्याकडे आहे, हे त्या जाणून होत्या. पण आपण गप्प बसलो तितका काळ तो दोष दुसरंच कोणी वाहत होतं, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी ते साहेबांना सांगितलं. काही न गाळता, एकेक वाक्य. साहेब डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "दोष माझाही आहे. दिसेनासं झालं त्याच दिवशी मी शिक्का परत करायला हवा होता. ओझं तुझ्या जिभेवर टाकलं आणि वर ऐटीत सह्या केल्या." त्यांनी हात पुढे केला नाही. पण बोलले, एवढं खरं.

ऑफिसची पाटी उतरली. वहिनी एका तरुण आर्किटेक्ट मुलीकडे नकाशे काढायला जाऊ लागल्या. तिने त्यांचा किस्सा ऐकला होता. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, राग मानू नका, तुमचा प्रत्येक आकडा मी स्वतः मोजणार." राग कसला मानायचा? नवा उतार झाला, वळण घेऊन तीस फुटांचा, औषधांचं दुकान गेलं. वहिनी तो बघायला गेल्या नाहीत. बाजाराला जाताना त्या अजून लांबच्या रस्त्याने जातात.

मध्यंतरी एक जुने ओळखीचे गृहस्थ जिना चढून आले. त्यांना घरावर मजला चढवायचा होता. "पाटी दिसत नाही, वहिनी? साहेब निवृत्त झाले वाटतं?"

"हो," वहिनी चटकन म्हणाल्या. "वय झालं ना."

आतल्या खोलीत साहेब खाकरले. एकदाच.

वहिनींचा चेहरा तापला. गृहस्थ पायातली चप्पल काढत होते. "नाही," वहिनी म्हणाल्या. "निवृत्त नाही झाले. त्यांचा परवाना रद्द झाला. मी एक आकडा खोटा सांगितला होता, त्यात एका बाईंचं हाड मोडलं."

गृहस्थांनी अर्धी काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली. "अरेरे," ते म्हणाले, काय बोलावं ते न सुचून, आणि घाईघाईने जिना उतरले. खाली शिंप्याशी त्यांचं काहीतरी कुजबुजणं ऐकू आलं, मशीन थांबलं, आणि जरा वेळाने पुन्हा सुरू झालं.

वहिनी आत गेल्या. साहेब खिडकीपाशी बसले होते. वहिनींनी दोघांसाठी चहा टाकला.